पाकळीचा ल

भांड्यावर नाव कुणाचं टाकायचं, हे मी दोनदा विचारते. रागावू नका. नाव एकदा पडलं की सहज जात नाही, अन् घासून काढलं तरी ओरखडा राहतोच. तुम्ही दोघी जावा-जावा दिसता. एक म्हणतेय सासूबाईंचं टाका, एक म्हणतेय आपलं टाका. आरामात ठरवा. तसंही लाइट गेलीय, मशीन बंद. चौकातली डीपी उडाली की तासभर धरून चालायचं. बसा इथं पायरीवर, हा चार्जिंगचा दिवा मध्ये ठेवते. तोवर मी दोनदा का विचारते, ते सांगते.

मला बाजारात सगळे सरूताई नाववाली म्हणतात. हे मशीन माझ्या वडिलांचं, पंडित नाववाल्यांचं. ते गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी काका आले अन् म्हणाले, पोरीच्या जातीनं बाजारात बसणं शोभत नाही, मशीन अन् जागा मी सांभाळतो. मी नुसती रडत बसले होते. तेव्हा मालतीबाई तापीवरचा पूल ओलांडून जैनाबादहून आल्या. मालतीबाई म्हणजे मराठी शाळेतल्या आमच्या बाई, चौथीपर्यंत मला त्यांनीच शिकवलं. आल्या, काकांच्या हातात पाटी-पेन्सिल दिली अन् म्हणाल्या, यावर ‘लक्ष्मी’ लिहून दाखवा अन् मशीन घेऊन जा. काकांना क्ष काही जमेना. तीनदा पुसून लिहिलं. मग घाम पुसत उठले अन् गेले ते गेलेच. तेव्हापासून मी इथं बसते.

बाईंचं अक्षर छापल्यासारखं होतं. इकडं आपल्या भागात पोरं हिंदीतून शिकतात, म्हणून ल अन् श हिंदीसारखे काढतात. बाईंना ते बिलकुल खपत नसे. मराठी ल पाकळीचा असतो, म्हणायच्या, दोन पाकळ्या, दांडी नाही, अन् श देठाचा. हिंदी ल काढलेला दिसला की त्यावर आडवी रेघ मारायच्या अन् वर स्वतःच्या हातानं पाकळीचा ल काढून द्यायच्या. त्यांना कळलं असतं तर रागावल्या असत्या, पण बाजारात मी हिंदीच ल घालते. पटकन होतो.

तर गेल्या वर्षी मार्चमध्ये बाई वारल्या. अन् मे महिन्यात त्यांचा मुलगा नंदकुमार इथं दुकानात आला. कापडाची दलाली करतो, अलीकडच्या कॉलनीत राहतो. माणूस वाईट नाही. बोलायला गोड आहे. फक्त गोड बोलताना तुमच्याकडं बघत नाही, हातातल्या फाइलीकडं बघतो.

“सरूताई, एका दिवसाचं काम आहे,” तो म्हणाला. “आईची सगळी भांडी भूमिकाला देऊन राहिलो. प्रत्येकावर तिचं नाव टाकायचं. एक पण चमचा सोडायचा नाही.”

“एवढं कशाला? घरातच तर राहणार भांडी.”

“घरात नाही राहणार.” त्यानं फाइलीची दोरी सोडली, परत बांधली. “परवा रजिस्ट्री आहे. भूमिका घरावरचा हक सोडून राहिली. मतलब, आपली जुनी रीतच आहे ना, आईची भांडी मुलीला अन् घर मुलाला. उद्या कोणी म्हणायला नको की भावानं बहिणीला हात हलवत काढलं. फोटोपण काढून ठेवणार आहे मी.”

जैनाबादचं ते घर बाईंनी स्वतःच्या पगारातून बांधलेलं. नवरा लवकर गेला, दोन पोरं पदरात, तरी एकेक खोली वाढवत नेली. भूमिका म्हणजे त्यांची धाकटी. खकनारला दिली होती, तिथं काही जमलं नाही, अकरा वर्षांपूर्वी परत आली. पुढच्या खोलीत शिकवण्या घेते. बाईंच्या शेवटच्या दुखण्यात रात्रंदिवस तिनंच केलं. पण बाईंनी मृत्युपत्र केलं नव्हतं. वर्गातली एक वही तपासल्याशिवाय ठेवायच्या नाहीत, नेमकी हीच राहून गेली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मी ऑटोनं निघाले. पुलावरून राजघाट दिसत होता, खाली तापी इतकी उतरलेली की कातळाच्या पाठी उघड्या पडल्या होत्या. उन्हानं डांबर चपलेला चिकटत होतं. जैनाबादच्या गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. बाईंचं घर शेवटचं, त्याच्या मागं केळीचं शेत. वारा पडलेला, तरी केळीचं एखादंच पान आपोआप हलत होतं. बाकीची पानं गप्प.

गरम वाऱ्याची लू येऊ नये म्हणून घराच्या सगळ्या खिडक्या लावून वर चादरी टांगल्या होत्या. भर दुपारी आत दिवेलागण झाल्यासारखं वाटत होतं. कूलर घरघरत होता. हॉलमध्ये सतरंजीवर भांडी मांडून ठेवलेली, डबे, पराती, पातेली, कळशा. निम्मी अजून स्वयंपाकघरात फळीवर होती.

भूमिकानं पन्हं दिलं. तिचे समोरचे केस पांढरे झालेत, पण डोळे पोरीसारखे हसरे.

“सरूताई, माझं नाव सुवाच्य टाका बरं,” ती म्हणाली. “पुढं भाड्याच्या खोलीत गेले तर शेजारीण उचलून न्यायला नको.”

हसत म्हणाली, पण पेला घेताना मांडलेल्या भांड्यांकडं बघितलं नाही.

दारापाशी नंदकुमारची बायको शीतल बसली होती, नवऱ्याच्या फाइलीनं वारा घेत. शीतल तोंडाची तिखट आहे. अन् मालतीबाई काही कमी नव्हत्या. सासू-सुना पंधरा मिनिटं एका खोलीत राहिल्या की वरणात हिंग किती, इथून सुरुवात व्हायची. म्हणूनच नंदकुमार लग्नानंतर दोन वर्षांत पूल ओलांडून कॉलनीत राहायला गेला. त्या दिवशी भांडी नाव टाकायला काढलेली, चूल पेटवायची नाही म्हणून शीतलनं सगळ्यांचा डबा घरून आणला होता, तेवढंच.

मी मशीन जोडलं. पहिला घेतला स्टीलचा डबा. टर्रर्र करून भ काढला, त्याला ऊकार, मग मि, मग का. हातानं हे काम तीस वर्षं केलंय, डोळे मिटून होतं. फडक्यानं चुरा पुसला.

डब्यावर ‘शीतल’ लिहिलेलं होतं.

मला हसूच आलं. म्हटलं, ऊन लागलं वाटतं. शीतल समोर बसलेली, तिचंच नाव डोक्यात राहिलं असेल. नंदकुमारनं वाकून बघितलं. “हे काय?” म्हणाला. मी म्हटलं, चुकलं, या डब्याचे पैसे मी भरून देईन. मग एक परात घेतली.

“थांबा, मी सांगते,” भूमिका म्हणाली अन् शिकवणीतल्यासारखं मोठ्यानं बोलू लागली. “भू... मि... का.” तिच्या तोंडच्या अक्षराबरोबर माझा हात फिरत होता. तिघंही वाकून बघत होते. भ पडलेला सगळ्यांनी पाहिला. का पडलेला पाहिला. मी फडकं फिरवलं.

‘शीतल’.

या वेळी मी नीट पाहिलं, अन् माझ्या हाताला त्या उकाड्यात गार मुंग्या आल्या. ल पाकळीचा होता. दोन पाकळ्या, दांडी नाही. मी तो कधीच घालत नाही.

“तू काही सांगितलंस का सरूताईला?” नंदकुमारनं बायकोला विचारलं.

“मी?” शीतल उठून उभी राहिली. “मला नकोत ती भांडी. त्या भांड्यांवरून मी चौदा वर्षं ऐकलंय. फुकट दिली तरी घरात घेणार नाही.”

“मग हिचा हात बिघडलाय. आण इकडं.”

त्यानं माझ्या हातातून मशीन घेतलं, शर्टाच्या बाह्या वर केल्या अन् मांडी घालून बसला. नंदकुमारचं अक्षर जगजाहीर आहे. बाई त्याला कोंबडीचे पाय म्हणायच्या, आपल्याच मुलाला वर्गात उभं करून. जीभ दातात धरून तो एका गोल डब्यावर लिहू लागला. मशीन घसरत होतं, त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. लिहून झालं. त्यानं हातानंच चुरा पुसला, अन् तसाच बसून राहिला.

डब्यावर ‘शीतल’ होतं. एका रेषेत, ठसठशीत, छापल्यासारखं. देठाचा श, पाकळीचा ल.

त्यानं स्वतःचा उजवा हात उलटा-सुलटा करून पाहिला. मशीन हळूच सतरंजीवर ठेवलं, अन् दोन बोटं दूर सरकला.

तेवढ्यात लाइट गेली.

कूलर घरघरत घरघरत थांबला. पंखा दमल्यासारखा फिरत राहिला, मग तोही थांबला. इतकं शांत झालं की कूलरच्या पाण्याचा एकेक थेंब ऐकू येत होता. मशीन माझ्यासमोर तसंच बंद पडलेलं.

अन् स्वयंपाकघरातून आवाज आला. टर्रर्र.

माझ्याच मशीनचा आवाज. पोटचं पोर रडलं तर ओळखू येतं, तसा मला तो ओळखू येतो. फक्त माझ्यापेक्षा सावकाश. एक अक्षर, थोडं थांबणं. दुसरं अक्षर, परत थांबणं. मग भांडं खाली ठेवल्याचा आवाज, अन् दुसरं उचलल्याचा.

“इन्व्हर्टर असेल...” नंदकुमार म्हणाला.

“दादा, आपल्याकडं इन्व्हर्टर नाहीये,” भूमिका हळू आवाजात म्हणाली.

“मग... मी वायरमनला घेऊन येतो.”

असं म्हणून तो उठला, हॉलमध्येच डोक्यावर हेल्मेट चढवलं अन् दार मागं ओढून घेत बाहेर पडला. फाइल तिथंच राहिली. गाडी चालू झाल्याचा आवाज आला, गल्लीच्या टोकापर्यंत गेला अन् संपला. आम्ही तिघी अंधारात राहिलो.

आत टर्रर्र चालूच होतं.

मग वास आला. आधी गुळाचा, मग शिजलेल्या हरभऱ्याच्या डाळीचा, अन् सगळ्यात शेवटी जायफळाचा. मालतीबाईंचे मांडे तुम्ही खाल्ले नसतील. मातीच्या खापरावर टाकला की मांडा रुमालासारखा पसरायचा, अन् पुरणात जायफळ इतकं की गल्लीच्या तोंडाशी कळायचं आज बाईंकडं मांडे आहेत.

“गॅस...” शीतल कुजबुजली.

“सकाळपासून बंद आहे, वहिनी,” भूमिका म्हणाली. “शेगडीवर काहीच नाही...”

शीतलनं एका हातानं माझं मनगट धरलं, दुसऱ्यानं भूमिकाचं. त्या दोघींना एकमेकींचा हात धरताना मी पहिल्यांदाच पाहिलं. एकटी असते तर मी नंदकुमारच्या मागं पळाले असते, खोटं कशाला बोलू. पण मध्ये शीतल अशी काही चालू लागली की आम्ही दोघी ओढल्याच गेलो. स्वयंपाकघराचं दार नुसतं लोटलेलं होतं. मी बोटानं ढकललं. दार हललं, तशी टर्रर्र थांबली.

आत काळोख. खिडकीवरच्या चादरीखालून उन्हाची एक बारीक रेघ येत होती, तेवढीच. ओट्याजवळ लाकडी पाट सरकल्याचा आवाज झाला. कुणीतरी गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठतं, तसा. मग काही नाही.

भूमिकानं मोबाइलची बॅटरी लावली. तिथं कुणी नव्हतं. शेगडी थंड. फळीवर भांडी ओळीनं लावलेली, अन् त्यांच्याखाली स्टीलचा बारीक चुरा पडलेला, साखरेसारखा चमकत. मी एका पातेल्याला हात लावला. अक्षरं गरम होती. मशीन फिरवल्यावर पहिल्या मिनिटभर असतात तशी.

‘शीतल’. पुढच्यावर ‘शीतल’. वाट्या, ताटल्या, झारा, कढई, चहाची गाळणी. चमचे एका डब्यात उभे होते, मी चार-पाच काढून पाहिले. एक पण चमचा सुटला नव्हता.

सगळ्यात शेवटी तांब्याचा मोठा हंडा होता. त्याच्यावर नुसतं नाव नव्हतं, पूर्ण ओळ होती. भूमिकानं बॅटरी जवळ नेली अन् वाचू लागली.

“सौ. शीतल हिस... सासूकडून.” ती थांबली. “नाही. सासूकडून खोडलंय.”

‘सासूकडून’ या शब्दावर एक आडवी रेघ होती, वही तपासताना बाई मारायच्या तशी. अन् वर, बारीक अक्षरात, सुधारून लिहिलं होतं, ‘आईकडून’.

शीतल मटकन खाली बसली. फरशीवर, त्या चुऱ्यात. पदर तोंडात धरून रडू लागली, अन् रडता रडता सांगू लागली.

तिची आई ती लहान असतानाच गेली होती. सावत्र आईनं लग्नात एक वाटीसुद्धा दिली नाही. मालतीबाईंनी पहिल्याच दिवाळीला चार बायकांसमोर म्हटलं, आमची सून रिकाम्या हातानं आली. तेव्हापासून दोघींचं जे फाटलं ते फाटलंच. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात एका दुपारी भूमिका अंघोळीला घरी गेली होती, तेव्हा शीतलनं बाईंचे केस विंचरून दिले. बाई म्हणाल्या, शीतल, मी तुला एक गोष्ट फार चुकीची बोलले. शीतल म्हणाली, राहू द्या आता. बाई म्हणाल्या, चुकलेलं तसंच ठेवायची मला सवय नाही.

“मला वाटलं तापात बोलून राहिल्या,” शीतल म्हणाली. “मी कुणाला सांगितलंपण नाही...”

वास आता कमी झाला होता. भूमिका फळीपाशी उभीच होती. एकेक भांडं उलटं करून बघत होती. सगळी बघून झाली, तेव्हा म्हणाली, “मला चमचासुद्धा नाही ठेवला. अकरा वर्षं मी हिच्याजवळ होते. शेवटची दोन वर्षं तर...” हातातली वाटी तिनं परत फळीवर ठेवली. ते दुःख खरंच होतं.

शीतलनं डोळे पुसले, नाक ओढलं. तिचा नेहमीचा आवाज परत आला.

“ताई, तुमच्या दादांची रीत काय होती? परत सांगा.”

“भांडी मुलीला, घर मुलाला.”

“मतलब, ज्याला भांडी मिळाली त्यानं घर सोडायचं.”

“हो.”

“मग भांडी तर मला आली.” शीतल हंड्यावर हात ठेवून म्हणाली. “घर सोडायचं तर मी. तुम्ही कशाला सही करून राहिल्या?”

भूमिका तिच्याकडं बघत राहिली. मग तिच्या खांद्यांना हसण्याचा झटका आला. आधी मला वाटलं रडतेय. मग शीतल हसू लागली, अन् मग मी. त्या काळ्याकुट्ट स्वयंपाकघरात, भुतानं नुकतंच काम संपवलेलं, अन् आम्ही तिघी पोट धरून हसत होतो. भीती गेली नव्हती. पण हसू थांबत नव्हतं.

नंदकुमार तासाभरानं वायरमनला घेऊन आला. तोवर लाइट आपोआप आली होती. हॉलमध्ये शीतल भांड्यांची तीन पोती भरून, वर हंडा ठेवून, शेजारी बसली होती.

“मला माझा वाटा मिळाला,” ती म्हणाली. “उद्या साक्षीदार म्हणून मी सही करणार नाही. अन् ताईपण करणार नाहीत.”

नंदकुमारनं वायरमनला परत पाठवलं, हेल्मेट काढलं. “पागल झालीस का? असल्या गोष्टी खऱ्या धरून कुणी घर सोडतं?”

“तुमच्याच हातानं लिहिलंय. आणू तो डबा?”

डबा आणायची गरज पडली नाही. तो हंड्यापाशी बसला. ती खोडलेली ओळ त्यानं दोनदा वाचली, रेघेवरून बोट फिरवलं. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

“अक्षर आईचंच आहे,” तो म्हणाला. मग एकदम लहान आवाजात, “माझ्यासाठी काही लिहिलंय का?”

तिघींनी पोती परत सोडली. सगळी भांडी पालथी घालून पाहिली. त्याच्यासाठी कुठं काही नव्हतं. पन्नाशीचा माणूस, पण वही मिळाली नाही म्हणून पोरगं हिरमुसतं तसा बसला होता. भूमिका त्याच्याजवळ गेली.

“दादा, अर्धं घर तुझंच आहे. मी कधी नाही म्हटलं? मला फक्त त्यातून काढू नको.”

त्यानं मान डोलावली. पहिल्यांदा फाइलीकडं न बघता.

रजिस्ट्री झाली नाही. पुढच्या महिन्यात घर दोघा बहीण-भावांच्या नावावर चढलं, अन् भूमिका तिथंच राहते. पोरांच्या शिकवण्या चालू आहेत. भांडी टेम्पोत बसून पूल ओलांडून शीतलकडं आली. तिनं सगळी काचेच्या कपाटात लावलीत. कुणी पाहुणा आला की आधी विचारते, पाणी कशातून देऊ, अन् मग नाव दिसेल असा पेला धरते. दर रविवारी तोच हंडा, त्याच पराती घेऊन ती अन् नंदकुमार जैनाबादला जातात. नणंद-भावजय मांडे करतात. पहिल्या चार-पाच रविवारी त्यांचे मांडे खापरावरच फाटायचे, आता जमतात. नंदकुमार खातो अन् म्हणतो, जायफळ कमी पडलं. मलाही बोलावतात, मी जाते. गेल्या वर्षभरात त्या घरात जेवढं हसले तेवढं माझ्या घरात हसले नाही.

एक राहिलं सांगायचं. तुमची लाइट यायला वेळ आहे, सांगूनच टाकते.

त्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन मी मशीनची पिशवी उघडली, तर तळाशी पितळेचं एक फुलपात्र निघालं. माझं नाही. वाटलं, गडबडीत त्यांचं आलं. दुसऱ्या दिवशी परत द्यायला गेले. भूमिका म्हणाली, असं फुलपात्र आमच्याकडं कधीच नव्हतं. शीतलनंही ओळखलं नाही. उलटं करून पाहिलं तर खाली बाईंच्या अक्षरात, ‘चि. सरू हिस’. अन् त्याखाली तारीख.

लोक भेट देतात तेव्हा नावाखाली तारीख टाकतात, ज्या दिवशी दिलं त्या दिवसाची. बाईंनी त्या दुपारी बाकी कुठल्याही भांड्यावर तारीख टाकली नव्हती. माझ्यावर टाकली. सात जुलै, अन् साल तेव्हाचं नाही, पुढचं. मतलब यंदाचं. येत्या महिन्यातली सात.

भूमिका तेव्हा हसली होती. म्हणाली, आईनं जेवायला बोलावलं असेल. मीही हसले. बाईंनी माझं कधी वाईट केलं नाही, मी रोज त्यातच पाणी पिते.

शीतल मात्र हसली नव्हती. तिनं फुलपात्र घेतलं, तारखेवरून अंगठा घासला, पदरानं पुसलं, परत घासलं. अन् गेल्या रविवारी मी जैनाबादहून निघाले, तर ती फाटकापर्यंत मागं आली. आत सगळे जेवून गप्पा मारत होते. ती हळू आवाजात म्हणाली, “सरूताई, सात तारखेला दुकान उघडू नको. मी सकाळीच येते तुझ्याकडं. दिवे लागेस्तोवर बसते. तू फक्त... एकटी राहू नको.”